कोपराचं प्लास्टर निघालं पण हात सरळ होईना, मालिश करावी का?

औशाचा_दादा
नमस्कार मंडळी. आमचं गाव औसा तालुक्यात. माझा पुतण्या, वय ६, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कराला सोडलेल्या बैलगाडीच्या जुवावरून उडी मारताना उजव्या हातावर पडला. कोपराच्या जरा वर हाड मोडलं, एक्सरेत दोन्ही तुकडे पार एकमेकाला सोडून गेलेले. लातूरला नेलं. त्याच रात्री भूल देऊन मशीनवर बघत हाड बसवलं आणि बाहेरूनच दोन तारा टाकल्या, चिरफाड नाही. चार आठवड्यांनी तारा काढल्या, प्लास्टरबी काढलं. त्याला आता बारा दिवस झाले. हात काटकोनात अडकल्यासारखा झालाय, थोडा हलतो पण घास तोंडापर्यंत जात नाही. डाव्या हातानं जेवायलंय. काल दसऱ्याला सगळ्यांना सोनं द्यायलाबी डावाच हात पुढं केला तेव्हा घरातल्यांचे डोळे भरले.

डॉक्टर म्हणाले खेळू द्या, आपोआप मोकळा होतो, मालिश अजिबात नको. पण आमची माय म्हणजे लेकराची आजी रोज मागं लागलीय की शेजारच्या गावात हाड बसवणारा म्हातारा आहे, करडीचं तेल लावून ओढून सरळ करतो, पाच वेळा न्यावं लागतं निस्तं. वहिनी रडायलीय, भाऊ पुण्याला कंपनीत, म्हणून निर्णय माझ्यावर आलाय. मालिश केली तर नेमकं काय बिघडतं? आणि कुणाच्या लेकराला असं झालं असेल तर हात किती दिवसात मोकळा झाला ते सांगा. लवकर सांगा, माय रविवारी न्यायचं म्हणायलीय.

लेकुरवाळी
दादा आधी रविवारचं रद्द करा. माझ्या मुलीला पाचव्या वर्षी हेच झालं होतं, नांदेडला तारा टाकल्या होत्या. काढल्यावर हात असाच, मला तर वाटलं कायमचाच गेला. कुणी मालिश केली नाही. गळ्यातली झोळी काढून टाकली आणि तिला कणकेचा गोळा दिला, पुऱ्या लाट म्हटलं. मातीत खेळू दिलं, बादलीत पाणी घेऊन भांडी धुवू दिली. चिवडा दिला की तो उजव्याच हातात द्यायचे. सुरुवातीला ती मानच पुढं आणायची हाताकडं, मग हळूहळू हात वर यायला लागला. अडीच महिन्यांत वेणी स्वतःची स्वतः धरायला लागली. धीर धरा.

सोयाबीन_४०
मला हे पटत नाही. सगळेच हाड बसवणारे वाईट असं कामून म्हणता? माझी पोरगी दोन वर्षांची असताना तिच्या मामानं दोन्ही हात धरून उचलून गरगर फिरवली, लगेच डावा हात हलवंना, रडून रडून निळी झाली. आमच्या गावच्या म्हाताऱ्यानं हात धरला, तळहात वर फिरवला, कोपर वाकवलं, टक आवाज आला आणि पाच मिनिटात पोरगी त्याच हातानं गूळ खायला लागली. एक रुपया घेतला नाही. हे डोळ्यानं पाहिलंय.

रानातला_डॉक्टर
सोयाबीन_४०, तुम्ही पाहिलं ते खरंच आहे, आणि त्या बाबांनी केलं ते बरोबरच केलं. पण ते हाड मोडलेलं नव्हतं. साधारण एक ते चार वर्षांच्या लेकराला हात धरून ओढलं, उचललं की कोपराजवळच्या बारीक हाडाच्या डोक्याभोवतीची पट्टी सांध्यात अडकते. तळहात वर फिरवून कोपर वाकवलं की ती सुटते. आम्हीही दवाखान्यात तेच करतो, अर्ध्या मिनिटाचं काम. अशी दहा लेकरं एखाद्यानं बरी केली की पंचक्रोशीत नाव होतं, आणि मग अकरावं लेकरू खरंच मोडलेलं हाड घेऊन त्याच ओट्यावर येतं. तिथं झटका दिला तर हाडाचं टोक पुढच्या नसेत आणि रक्तवाहिनीत घुसू शकतं. पडून दुखायलंय, सूज आहे, तर आधी एक्सरे, मग जे काय ते.

आता औशाचा_दादा यांच्या प्रश्नाकडं येतो. मी लेकरू पाहिलेलं नाही, तुमच्या डॉक्टरांनी पाहिलंय, त्यांचंच ऐका, मी फक्त कारण सांगतो. कोपराच्या पुढून हाडाला चिकटून एक जाड स्नायू जातो. हाड मोडतं तेव्हा तोही फाटतो, त्यात रक्त साचतं. त्याला शांत राहू दिलं तर तो भरून येतो. रोज तेल लावून रगडलं, जोरानं ओढलं, की तो परत परत फाटतो आणि शरीर त्या जागी चक्क हाड तयार करायला लागतं, स्नायूच्या आत. तीन-चार आठवड्यांत एक्सरेवर ढगासारखं पांढरं दिसतं. मग जो हात दोन-तीन महिन्यांत मोकळा झाला असता तो खरोखरचा अडकतो, आणि ते नवं हाड पिकेपर्यंत, म्हणजे कित्येकदा सहा महिने ते वर्ष, ऑपरेशनसुद्धा करता येत नाही. कोपर हा सांधा याबाबतीत फार चिडका आहे. पाठीला, पोटरीला चालतं म्हणून कोपराला चालत नाही.

लहान लेकराचं कोपर तारा काढल्यावर आखडलेलं असतंच. बहुतेकांचं काही महिन्यांत खेळता खेळता सुटतं. बारा दिवस हे काहीच नाहीत.

धपाटे_दही
आजीला सांगा, करडीचं तेल चांगलंच आहे, त्यात धपाटे करा आणि पोराच्या उजव्या हातात द्या. मालिशपेक्षा लवकर हात वर येईल 🙂

सोयाबीन_४०
डॉक्टर, ते सुटलेलं कोपर समजलं. पण ते मोडलेलीबी जोडतात की. आमच्या चुलत्याचं मनगट जोडलं होतं.

रानातला_डॉक्टर
जोडतं ते शरीर. न सरकलेलं हाड नुसतं बांधून ठेवलं तरी लेकराला तीन आठवड्यांत, मोठ्याला सहा आठवड्यांत जुळतं. आम्हीही कोपराचं हाड सरकलं नसेल तर फक्त कच्चं प्लास्टर देऊन पाठवतो. अडचण सरकलेल्या हाडाची असते, आणि दुसरी अडचण बांधण्याची. किती घट्ट बांधलंय आणि त्यानंतर बोटांकडं कोण बघतंय, सगळं त्यावर आहे.

बालाघाट
घट्ट बांधण्याचं निघालं म्हणून लिहितो. नाहीतर हे मी कुठं बोलत नाही.

आम्ही धारूरकडचे. आईबाप दरवर्षी दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला. त्या साली मी अकरा वर्षांचा आणि धाकटा भाऊ सात, दोघंबी टोळीसोबत कोल्हापूरकडं गेलो होतो. वाढ्याच्या मोळीवरून तो पडला, कोपर टम्म सुजलं. मुकादमानं ओळखीच्या माणसाकडं नेलं, त्यानं ओढून बसवलं, अंड्याचा लेप दिला आणि बांबूच्या कामट्या लावून करकचून बांधलं. सांगितलं तीन दिवस सोडायचं नाही, सोडलं तर हाड सरकंल.

पहिल्या रात्री तो इतका रडला की शेजारच्या कोपीतली माणसं उठून आली. बाप म्हणला हाड मोडलंय, दुखणारच. बोटं थंड पडली होती, फुगून कातडी चकाकायली होती. मी नुसतं त्याचं मधलं बोट सरळ करायला गेलो तर तो किंचाळला. दुसऱ्या दिवशी दुपारी रडायचा थांबला. आम्हाला वाटलं उतार पडला. आई म्हणली बघा कमी झालं. ते कमी झालं नव्हतं, हात मरायला लागला होता, दुखायचंसुद्धा बंद झालं होतं. तिसऱ्या दिवशी सोडलं तेव्हा कामट्यांखाली फोड आलेले आणि बोटांना टाचणी टोचली तरी कळंना.

आज तो किराणा दुकान चालवतो. मनगट आत वळलेलं, बोटं पंजासारखी आखडलेली. मनगट आणखी खाली वाकवलं की बोटं थोडी उघडतात, मनगट वर केलं की परत मिटतात. पुडी बांधताना दोरा दातात धरतो. हाड एकदम नीट जुळलंय बरं का. एक्सरे काढला तर कुणाला कळणार नाही की तिथं काही झालं होतं. हाड जुळलं आणि हात गेला.

मालिश करावी की नाही हा तुमचा प्रश्न वेगळा आहे मला कळतं. पण वाचणाऱ्या प्रत्येकानं एवढं ध्यानात ठेवा, बांधल्यावर लेकरू जास्त रडायलंय तर सोडा. रात्रीचे दोन वाजलेले असू देत. हाड सरकलं तर परत बसवता येतं.

लेकुरवाळी
वाचून अंगावर काटा आला भाऊ. तुमच्या भावाला नमस्कार सांगा.

रानातला_डॉक्टर
बालाघाट, यावर माझ्याकडं शब्द नाहीत. तुम्ही जे वर्णन केलंय, मनगट वाकवल्यावर बोटं उघडणं, ते फोल्कमान नावाच्या जर्मन सर्जननं १८८१ साली लिहून ठेवलंय आणि आजही त्याच्याच नावानं ओळखलं जातं. सूज आतून दाबते, पट्टी बाहेरून, मध्ये स्नायूला रक्त मिळत नाही. साधारण सहा तासांनंतर स्नायू मरायला लागतो, एकदा मेला की परत येत नाही. हे फक्त कामट्यांनी होतं असं नाही, आमच्या पांढऱ्या प्लास्टरखालीही होतं, कोपर फार वाकवून बांधलं तरी होतं, आणि काहीही न बांधता निव्वळ आतल्या सुजेनंही होतं. म्हणून दवाखान्यातून घरी सोडल्यावर पहिले दोन दिवस डोळ्यात तेल घालून बोटं बघायची. गुलाबी आहेत का, गरम आहेत का, स्वतःहून हलतात का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दुसऱ्यानं हळूच बोट सरळ केल्यावर कळ मारते का. बालाघाटनं अकराव्या वर्षी नकळत हीच तपासणी केली होती. लेकरू औषध देऊनही चिडचिड करत राहतं, दुखणं वाढतच जातं, ही खूण धरा. नाडी लागतेय म्हणून निश्चिंत राहू नका, नाडी सगळ्यात शेवटी जाते. अशा वेळी प्लास्टर आतल्या कापसासकट पूर्ण फोडायचं आणि तडक मोठ्या दवाखान्यात. वेळेत आलं तर हाताला लांब चीर देऊन दाब मोकळा करतात आणि हात वाचतो.

औशाचा_दादा
बालाघाट भाऊ, रात्री मायला तुमचं सगळं वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणली रविवारी नाही जायचं. वहिनीनं तुम्हाला सांगायला सांगितलंय की तुमचे उपकार विसरणार नाही.

डॉक्टर, अजून एक. ऑपरेशनच्या आधी त्याला अंगठा आणि शेजारचं बोट जुळवून गोल करायला लावायचे तर तो गोल चपटा व्हायचा, टोकाची पेरं वाकायचीच नाहीत. अजूनबी थोडं तसंच आहे. ते काय?

रानातला_डॉक्टर
हाडाच्या टोकानं एका नसेला धक्का लागलेला असतो. या फ्रॅक्चरमध्ये ते बऱ्याचदा दिसतं आणि बहुतेक वेळा दोन-तीन महिन्यांत आपोआप भरून येतं. तुमच्या डॉक्टरांनी आधीच तपासून ठेवलंय म्हणजे ते लक्ष ठेवून आहेत. तारखेला नेत जा, चुकवू नका.

झेडपी_गुरुजी
माझंही ऐका. आठवीत, चिंचेवरून पडलो, डावं कोपर सुजलं. एक्सरे काढला, काही नाही म्हणून सांगितलं, हळद लावली, महिनाभरात शाळेत. हात थोडा बाहेरच्या बाजूला वाकडा राहिला एवढंच, पण दुखत नव्हता म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. पंचेचाळिशीनंतर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायला लागलं. बटण लागंना. मी डावखुरा आहे, फळ्यावर लिहिताना खडू सुटून पडायला लागला, वर्गात पोरं उचलून द्यायची. अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजात दाखवलं तर नवा एक्सरे बघून म्हणाले की कोपराच्या बाहेरच्या बाजूचा तुकडा तेव्हा जुळलाच नाही, त्यामुळं हात बाहेर वाकत गेला आणि आतल्या बाजूची नस तीस-पस्तीस वर्षं ताणत राहिली. नस जागेवरून काढून पुढं आणून ठेवली. बधिरपणा बराच कमी झाला, पण पंजातला गेलेला मांस भरून आला नाही. लहानपणचं मोडणं म्हातारपणी हिशेब मागतं हे मला माहीत नव्हतं.

रानातला_डॉक्टर
गुरुजी, तो तुकडा तेव्हा नजरेतून सुटायचं कारण म्हणजे लेकराच्या कोपरात बराचसा भाग कूर्चेचा (मऊ हाडाचा) असतो, ती एक्सरेत दिसत नाही. दिसणारी बारीक चकती असते, खरा तुकडा मोठा असतो. शिवाय तो सांध्याच्या आत असल्यानं सरकत राहतो. दोन मिलिमीटरच्या वर सरकला असेल तर तारा किंवा स्क्रू लागतो. म्हणून बाहेरच्या बाजूला सूज आणि दुखणं असेल तर पहिला एक्सरे नॉर्मल आला तरी आठ दिवसात परत काढा.

सुनील_रेणापूर
धागा कोपराचा आहे पण गुडघ्याचं विचारलं तर चालेल का? वडील ५८, शुगर आहे. आंबाजोगाई रोडवर मोटारसायकल घसरली, गुडघ्याखालचं हाड सांध्यातच दबून फुटलं. दवाखान्यात गेल्यावर प्लेट टाकायचीय म्हणाले पण टाकलीच नाही, बाहेरून रॉड लावून अकरा दिवस नुसतं झोपवून ठेवलं. आम्ही भांडलो, बिल वाढवायलेत असं वाटलं. मग तिथल्या डॉक्टरांनी मला जवळ बोलावलं आणि पायाची कातडी चिमटीत धरून दाखवली. तट्ट फुगलेली, चकचकीत, चिमटीत येतच नव्हती. म्हणाले यावर चीर दिली तर टाके बसणार नाहीत, जखम चिघळून प्लेट उघडी पडंल, शुगर आहे त्यांना, कातडीला सुरकुत्या पडू द्या. खरंच दहाव्या दिवशी नडगीवर बारीक सुरकुत्या दिसल्या आणि अकराव्याला ऑपरेशन. कमरेच्या हाडातलं थोडं काढून दबलेल्या जागी भरलं. रेशन कार्डावर महात्मा फुले योजनेतून झालं, तिथं आरोग्यमित्र बसतात त्यांनीच कागदं केली.

आता तीन महिने होत आलेत. दहा आठवडे पाय टेकू दिला नव्हता. हाड जुळायलंय म्हणतात, पण गुडघा पूर्ण सरळ होत नाही आणि ७० अंशांच्या पुढं वाकत नाही. आराम वाटावा म्हणून आई दिवसरात्र गुडघ्याखाली उशी ठेवायची. आणि ते तंबाखू सोडंनात. आता काय करावं? त्यांना तर तेल लावून मालिश चालंल ना?

फिजिओ_ताई
उशी आजच काढा. गुडघ्याखाली उशी म्हणजे वाकलेल्या अवस्थेत आखडायला मोकळीक. उलट टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा म्हणजे गुडघा हवेत राहतो आणि स्वतःच्या वजनानं सरळ होतो, दिवसातून चार-पाच वेळा दहा-दहा मिनिटं. टाच पलंगावर घासत मागं ओढायची, मग खाटेच्या कडेला बसून पाय लोंबकळत सोडायचा आणि चांगल्या पायानं हळूच मागं रेटायचा. खुर्चीवरून उठायला ९० लागतात, मांडी घालायला, उकिडवं बसायला १२० च्या वर, त्यामुळं ७० वर सोडून देऊ नका. घरच्या घरी करण्यापेक्षा फिजिओकडं न्या, आणि किती वजन टाकायचं ते सर्जनला विचारूनच. मोठ्या माणसाचा गुडघा लेकराच्या कोपरासारखा आपोआप सुटत नाही, त्याला रोज मेहनत लागते. इथंच लोकांचा गोंधळ होतो. मांडीचा स्नायू हलक्या हातानं चोळला तर हरकत नाही, पण दुसऱ्यानं बसून गुडघा मोडल्यासारखा दाबायचा नाही.

कोपर असो की गुडघा, मी एकच मोजमाप सांगते. व्यायामानंतरचं दुखणं अर्ध्या तासात शमलं तर बरोबर चाललंय. रात्री ठणकलं, सकाळी सूज वाढली, तर जास्त झालं. आणि पोटरी अचानक सुजून कडक झाली किंवा दम लागला तर व्यायाम सोडून लगेच दवाखाना, रक्ताची गाठ असू शकते.

तंबाखूनं हाडाकडं जाणारं रक्त कमी होतं, जुळायला वेळ लागतो. हे त्यांना सर्जनच्या तोंडून ऐकवा, घरच्यांचं ऐकत नाहीत ते.

विष्णुपुरी
गुडघ्याचं निघालंच आहे तर. मुलगा १३, कबड्डीत मांडीच्या हाडाचं खालचं टोक वाढीच्या जागी सरकलं. बसवलं, स्क्रू टाकले, दीड महिन्यात चालायला लागला, आम्ही खुश. डॉक्टर दर चार महिन्यांनी एक्सरेला बोलवायचे, आम्हाला वाटायचं कशाला. वर्षानं दिसलं की तो पाय दीड सेंटीमीटर मागं पडलाय. पायाची बरीचशी वाढ गुडघ्याजवळच होते, तिथली वाढीची पट्टी दुखावली की पाय आखूड किंवा वाकडा होऊ शकतो. लवकर कळलं म्हणून उपाय चालू आहेत. लेकराचं गुडघ्याजवळ मोडलं असेल तर चालायला लागलं म्हणून तारखा सोडू नका.

धपाटे_दही
औशाचे दादा, दिवाळी झाली, पुतण्याची खबर नाही. धपाटे केले का?

औशाचा_दादा
केले, केले. मायनंच केले. आता ती स्वतः त्याचा व्यायाम घेते, अंगणात ज्वारी सांडते आणि कोंबड्यांना उजव्या हातानं फेकायला लावते. थोरल्याच्या कंपासपेटीतला कोनमापक लावून दर रविवारी मोजतो आणि भिंतीवर पेन्सिलीनं लिहितो. दसऱ्याला मुठीत आणि तोंडात चांगलं वीतभर अंतर होतं, आता चार बोटं राहिलंय. मागं सरळ व्हायला अजून तीसेक अंश कमी. दोन्ही तळहात पुढं करून उभा केला तर उजवा डाव्यापेक्षा किंचित आत वाटतो, तेवढं विचारायचंय.

रानातला_डॉक्टर
पुढच्या तारखेला दाखवा. किंचित असेल तर कामाला काही अडत नाही. जास्त वाकडं असेल तर ते आपोआप सरळ होत नाही, कारण हाताच्या या हाडाची वाढ मुख्यतः खांद्याकडून होते, कोपराकडून साधारण पाचवा हिस्साच. लागलीच तर पुढं हाड कापून सरळ करता येतं. आत्ता घाई नाही. आणि तीस अंश कमी असतानाही रोजची जवळपास सगळी कामं होतात, ३० ते १३० एवढी हालचाल पुरते.

सोयाबीन_४०
आमच्या गावच्या म्हाताऱ्याला मी हा धागा वाचून दाखवला. तो म्हणला सुजलेलं कोपर आलं की मी आता हात लावणार नाही, लातूरला पाठवीन. खरं सांगतो, तसंच म्हणला.

बालाघाट
सोयाबीन भाऊ, तुमच्या या चार ओळी मी भावाला दाखवल्या. दोनदा वाचल्या त्यानं.

औशाचा_दादा
काल वेळअमावस्या होती. रानात कोपीपुढं सगळे जेवायला बसलो, भज्जी, बाजरीची भाकर, आंबील. मायनं मुद्दाम लोटकं काठोकाठ भरून त्याच्या उजव्या बाजूला ठेवलं आणि दुसरीकडं बघत बसली. त्यानं उजव्या हातानं उचललं, तोंडाला लावलं, निम्मी आंबील सदऱ्यावर सांडली पण निम्मी प्याला. अंगठ्याचा गोलबी आता गोल व्हायलाय. डॉक्टरांनी हाताचा वाकडेपणा बघून काही करायची गरज नाही म्हणून सांगितलंय, सहा महिन्यांनी परत बोलावलंय.

सुनील, वडिलांचा गुडघा किती झाला?

सुनील_रेणापूर
९५. उशी माळ्यावर टाकलीय. तंबाखूवर अजून भांडण चालू आहे.